‘कर्व्ह करून टाक’ हा सल्ला आता पुरे

उरण-पनवेल पट्ट्यातल्या आपल्या संघटनांचे अर्ज, हरकती, निवेदनं बघा. मजकूर बहुतेक वेळा नीट असतो. कायद्याची कलमं असतात, तारखा असतात, सह्या असतात. मग शेवटच्या पानावर नकाशा येतो आणि सगळी मेहनत तिथे घसरते. ‘कब्रस्तान’ हे नाव कब्रस्तानावर नसून शेजारच्या खाजणावर असतं. ‘जेट्टी’ रस्त्याच्या मधोमध असते. ‘न्हावा’ या शब्दातला न्‌ आणि ह एकमेकांपासून फुटून बसलेले असतात. नकाशा ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढला तिथे सगळं जागेवर होतं. अहवालात घेतल्यावर नावं सरकली.

हे कुणी दाखवून दिलं की दोनच उत्तरं मिळतात. पहिलं, ‘स्क्रीनशॉट मार आणि चिकटव.’ दुसरं, जरा जाणकार माणसाचं, ‘अरे, सगळं कर्व्ह करून टाक.’ म्हणजे अक्षरांची अक्षरं न ठेवता त्यांच्या रेषा करून टाक. मग काही हलणार नाही.

माझं म्हणणं असं की ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. ती फक्त तांत्रिकदृष्ट्या चुकीची नाहीत, आपल्यासारख्या लोकांसाठी ती घातक आहेत. नाव सरकतं म्हणून नावच मुकं करून टाकणं हा दात दुखतो म्हणून जबडा शिवण्याचा प्रकार आहे.

नाव म्हणजे सजावट नव्हे

न्हावा शेवा हे नाव आज जगातल्या प्रत्येक शिपिंग कंपनीच्या वेळापत्रकात आहे. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झालं तेव्हा त्याला जवाहरलाल नेहरूंचं नाव दिलं गेलं, पण जहाजवाले अजूनही न्हावा शेवाच म्हणतात. जहाज हॅम्बुर्गहून निघो की जेबेल अलीहून, कागदावर हेच नाव असतं. हे नाव कुणाचं? दोन गावांचं. न्हावा वेगळं, शेवा वेगळं. बंदरासाठी शेवा कोळीवाड्यातली कुटुंबं उठवली गेली, त्यांना हनुमान कोळीवाडा म्हणून दुसरीकडे वसवलं गेलं, तिथली घरं वाळवीनं पोखरली आणि पुन्हा पुनर्वसन मागण्यात त्यांची दशकं गेली. गावाचं नाव कंटेनरवर चढलं आणि गाव दुसऱ्या नावानं दुसऱ्या जागी राहिलं.

याच पट्ट्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीच्या भावासाठी रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात ५ जण हुतात्मा झाले. त्यानंतर ३७ वर्षांनी, २४ जून २०२१ला, इथलीच माणसं सिडकोवर चालून गेली. या वेळी मागणी एका नावाची होती. नव्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्या, इतकीच. ज्या मातीत माणसं नावासाठी हजारोंनी रस्त्यावर येतात, तिथल्या अहवालात नाव कुठे पडलंय हे ‘डिझाइनचं काम’ म्हणून सोडून देता येत नाही.

आता आपल्या घरचं बघू. एप्रिल २०२५मध्ये वक्फ दुरुस्ती कायदा लागू झाला. ६ जून २०२५ला ‘उमीद’ पोर्टल सुरू झालं. नोंदलेल्या प्रत्येक वक्फ मिळकतीचा तपशील तिथे भरायचा आहे, आणि कायद्यानं मागितलेल्या तपशिलांत मिळकतीची ओळख आणि तिच्या सीमा यांचा समावेश आहे. या कायद्याबद्दल आपली मतं तीव्र आहेत आणि सुप्रीम कोर्टातली लढाई वेगळी चालू आहे. पण लढाई चालू असताना मुतवल्लीनं तपशील भरायचाच असतो. ज्या कमिटीकडे सातबारा, सिटी सर्व्हेचा उतारा आणि चतुःसीमा दाखवणारा स्वच्छ नकाशा आहे ती उभी राहते. जिच्याकडे व्हॉट्सअॅपवरून आलेला धुरकट स्क्रीनशॉट आहे ती अडखळते.

समुद्राच्या बाजूचंही तेच. २०११च्या आणि मग २०१९च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेनुसार किनाऱ्याचे व्यवस्थापन नकाशे होतात. मसुदा लोकांसमोर ठेवला जातो, हरकती मागवल्या जातात, जनसुनावणी होते. मच्छीमार संघटनांची जुनी तक्रार आहे की कोळीवाडे, होड्या लावायच्या जागा, मासळी वाळवायच्या जागा या नकाशांत नीट दिसत नाहीत. आपण सरकारला म्हणणार की ‘तुमच्या नकाशात आमचं नाव नाही’, आणि सोबत जोडलेल्या आपल्याच नकाशात ते नाव खाडीत पोहत असणार. समोरच्या अधिकाऱ्याला यापेक्षा सोपं काम कुठलं?

५ मिलिमीटरचा हिशेब

‘थोडंसं सरकलं तर काय बिघडलं?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, म्हणून हिशेब मांडतो. किनारपट्टीचे गावपातळीचे नकाशे साधारण १:४००० प्रमाणात असतात. म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवरचे ४ मीटर. लेबल ५ मिलिमीटर सरकलं की ते २० मीटर सरकलं. २० मीटरमध्ये कब्रस्तानाची भिंत संपून दुसऱ्याची जमीन सुरू होते, कांदळवनाची रेषा ओलांडली जाते, रस्त्याची एक बाजू दुसरी होते. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशात तेच ५ मिलिमीटर १२५ मीटर होतात. तिथे वाडीच बदलते.

बरोबर आहे, नाव सरकल्यानं मालकी जात नाही. मालकी गट नंबरानं, उताऱ्यानं, मोजणीनं ठरते. पण सुनावणीत तुम्हाला दोन-तीन मिनिटं मिळतात. त्या वेळात समोरचा वकील नकाशा उचलून विचारतो, ‘हे कब्रस्तान पाण्यात दाखवलंय, ते कसं?’ तुम्ही म्हणता, ‘सर, ते लेबल सरकलंय.’ झालं. मिनिटं संपली, आणि अहवालातल्या बाकीच्या ४० पानांवरचाही विश्वास गेला. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादानं बंदराच्या चौथ्या टर्मिनलच्या प्रकरणात १६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ती कुटुंबं उरण कोळीवाडा, हनुमान कोळीवाडा, गव्हाण कोळीवाडा आणि बेलपाडा कोळीवाडा अशा चार नावांच्या चार ठिकाणची होती. दाव्यात गाव कुठलं, खाडी कुठली आणि कुणाचा रस्ता अडला, हे नावानिशी सांगावं लागतं. नकाशा ही लेखी गवाही आहे. गवाहीत जागा चुकवायची नसते.

कुराणातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. व्यवहार छोटा असो वा मोठा, लिहायचा कंटाळा करू नका आणि लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, असा तिचा आशय आहे. आपल्यात ही आयत सावकारी-व्याजाच्या चर्चेत निघते. माझ्या मते कमिटीच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या प्रत्येक मुलानं ती स्वतःला लावून बघावी. आजचा कातिब तोच आहे.

लेबल सरकतं का?

लोक याला नशीब समजतात. ‘फाइल बिघडली’, ‘व्हायरस आला’, ‘सॉफ्टवेअर फुकटचं आहे ना’. यातलं काहीच नसतं. कारणं मोजकी आहेत आणि प्रत्येकाला इलाज आहे. मी इथे इंकस्केप आणि लाटेक ही जोडी धरून बोलतो, कारण दोन्ही मोफत आहेत आणि लांबलचक अहवालाला यासारखी शिस्त दुसरीकडे मिळत नाही. तत्त्व सगळीकडे एकच.

इंकस्केपमधून पीडीएफ काढताना एक पर्याय येतो: पीडीएफमधून मजकूर वगळा आणि लाटेकची वेगळी फाइल बनवा. तो निवडला की दोन फाइली तयार होतात. एकीत फक्त रेषा आणि रंग. दुसरीत प्रत्येक नाव आणि ते कुठे ठेवायचं त्याचा बिंदू. अहवाल जुळवताना लाटेक आधी चित्र ठेवतं, मग त्यावर नावं स्वतःच्या फॉन्टमध्ये बसवतं. फायदा मोठा आहे. नकाशातली अक्षरं आणि मजकुरातली अक्षरं एकाच वळणाची होतात आणि नावं नावंच राहतात. पण इथेच पाच ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, रुंदी. चित्र काढताना एक फॉन्ट होता, अहवालात दुसरा आहे. दुसऱ्यात ‘हनुमान कोळीवाडा’ जास्त लांब होतं. दोन फाइलींमधून फक्त बिंदू जातो, लांबी जात नाही. नाव डावीकडून सुरू होणारं असेल तर वाढलेली सगळी लांबी उजवीकडे जाते आणि नाव खाडी ओलांडतं. इलाज: प्रत्येक नावाचा टेकू विचार करून ठरवा. मोठ्या क्षेत्राचं नाव मध्याला टेकवा, म्हणजे वाढलं तरी दोन्हीकडे सारखं वाढेल. ठिपक्याच्या उजवीकडचं नाव डाव्या टोकाला टेकवा, डावीकडचं उजव्या टोकाला. नाव ठिपक्याला चिकटून राहतं आणि वाढ मोकळ्या बाजूला होते. डोळ्यानं सरकवून सरकवून ‘जमवलेलं’ लेबल पुढच्या फॉन्टला पुन्हा सरकणारच.

दुसरं, माप. पूर्ण पानाएवढा नकाशा काढला आणि अहवालात अर्ध्या पानाला बसवला, तर रेषा अर्ध्या होतात, पण नावं अहवालाच्याच टायपात राहतात. बिंदू जवळ येतात, नावं एकमेकांवर चढतात. इलाज: अहवालात नकाशा किती सेंटिमीटर रुंद बसणार ते आधी विचारा, आणि चित्र त्याच मापाचं काढा.

तिसरं, कडा. निर्यात करताना ‘संपूर्ण चित्र’ निवडलं तर चित्राची हद्द नावांसकट मोजली जाते, आणि फॉन्ट बदलला की हद्दही बदलते. इलाज: पान चित्राएवढं करून घ्या, कंट्रोल-शिफ्ट-आर एवढंच काम आहे, आणि मग नेहमी पानच निर्यात करा. जुन्या फाइलींना आणखी एक भानगड आहे. इंकस्केपच्या ०.९२ आवृत्तीत इंचाला ९० पिक्सेलऐवजी ९६ धरायला सुरुवात झाली. त्याआधीची फाइल उघडली की सॉफ्टवेअर विचारतं, काय करू? घाईत काहीही दाबू नका. उघडल्यावर एखादं माहीत असलेलं अंतर मोजून बघा.

चौथं, जोडी. दोन फाइली म्हणजे दोन्ही लागतात. एकानं व्हॉट्सअॅपवर फक्त पीडीएफ पाठवली की समोरच्याला एकही नाव नसलेला नकाशा मिळतो. कुणी फाइलीला नवं नाव दिलं तर दुसरी तिला शोधत बसते. चित्र सुधारून पुन्हा निर्यात केलं पण फोल्डरमध्ये नावांची जुनी फाइल राहिली, तर नवीन चित्रावर जुन्या जागी नावं बसतात. हे सगळ्यांत फसवं, कारण सगळं ठीक दिसतं. इलाज: जोडी एका फोल्डरमध्ये, एका नावानं, आणि पाठवायची तर अख्खा फोल्डर.

पाचवं, लिपी. हे आपलं खास दुखणं आहे, त्याला वेगळी जागा देतो.

हर्फ उघडा आहे

‘न्हावा’ लिहायला न, हलन्त, ह, काना, व, काना लागतात. यांतून जोडाक्षर बनवणं हे स्वतंत्र काम आहे. ‘किल्ला’ लिहिताना वेलांटी क-नंतर टाईप होते पण क-च्या आधी दिसते. ज्या सॉफ्टवेअरला हे येत नाही ते अक्षरांचे तुकडे ओळीनं मांडतं, आणि तुकडे मांडले की लांबीही चुकते, म्हणजे नाव फुटतंही आणि सरकतंही. लाटेकचं जुनं इंजिन यात अडखळतं. झीलाटेक वापरा, किंवा लुआलाटेक वापरा आणि फॉन्ट निवडताना हार्फबझ लावायला सांगा. एका ओळीचं काम आहे.

हार्फबझ म्हणजे अक्षरांची जुळणी करणारी ती लायब्ररी, जी तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये आहे. तिचं नाव फारसी आहे: ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, ‘बाज़’ म्हणजे उघडं. बेहदाद एस्फहबोद या इराणी अभियंत्यानं ते दिलं. आपण मराठीत ‘हरफ काढला नाही’ म्हणतो तोच हा हर्फ. आज तुम्ही मोबाइलवर मराठी वाचता ते बहुतेक वेळा या उघड्या हर्फाच्या जोरावर. कर्व्ह करणं म्हणजे तोच हर्फ पुन्हा बंद करणं.

उर्दूचा पेच आणखी वेगळा. आपल्या कित्येक मशिदींची जुनी दफ्तरं, कब्रस्तानांच्या पाट्या, दर्ग्यांचे शिलालेख उर्दूत आहेत आणि नकाशात ती नावं यायलाच हवीत. एसव्हीजीमध्ये नाव ‘सुरुवातीला’ टेकवलं तर मराठीसाठी सुरुवात डावीकडे असते, उर्दूसाठी उजवीकडे. दिशा लिहून ठेवली नसेल तर नाव ठिपक्याच्या भलत्याच बाजूला उडी मारतं. त्यात नस्तालीक उतरत्या वळणाची लिपी. शब्द वरून खाली येतो, एका ओळीची उंची देवनागरीपेक्षा बरीच जास्त. देवनागरीच्या मापानं सोडलेल्या जागेत नस्तालीक मावत नाही. वर-खाली जागा मोकळी ठेवा, दिशा स्पष्ट लिहा, फॉन्ट ठरवून घ्या. नोटो नस्तालीक उर्दू मोफत आहे, देवनागरीसाठी मुंबईच्या एक टाईपचा मुक्ता मोफत आहे. ‘आपल्या लिप्यांना सपोर्ट नाही’ हे रडगाणं २००५ साली खरं होतं. आज ते आळसाचं दुसरं नाव आहे.

‘कर्व्ह’वाल्यांची बाजू

त्यांची बाजू पोकळ नाही, म्हणून ती नीट ऐकून उत्तर देतो.

‘फ्लेक्सवाला कर्व्ह फाइलच मागतो.’ मागतो, आणि त्याचं बरोबर आहे. त्याच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसतो, बॅनर चुकला तर पैसे त्याचे जातात. त्याला कर्व्ह केलेली प्रत द्या. प्रत! मूळ फाइल जिवंत अक्षरांची ठेवा. आपल्याकडे उलटं होतं. बॅनरसाठी कर्व्ह केलेलीच फाइल कमिटीच्या पेनड्राइव्हवर राहते. दोन वर्षांनी गट नंबर दुरुस्त करायचा असतो, तेव्हा कळतं की फाइलीत एकही अक्षर नाही, नुसत्या रेषा आहेत. ज्या मुलानं ती बनवली तो सौदीत. मग पहिल्यापासून नकाशा.

‘क्यूजीआयएससुद्धा अक्षरांच्या रेषा करा असंच सुचवतं.’ खरं आहे. नकाशा एसव्हीजीत काढताना तिथे दोन पर्याय दिसतात आणि शिफारस रेषांच्या बाजूनं असते, कारण लेबल पडद्यावर दिसतं तसंच्या तसं कागदावर उतरावं हा त्यांचा हेतू. पण खाली दुसरा पर्याय दिलेलाच आहे: अक्षरं अक्षरं म्हणूनच ठेवा. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. त्यांना सुंदर नकाशा हवाय, तुम्हाला पुरावा हवाय.

‘लाटेक कोण शिकत बसणार?’ नका शिकू. वर्डमध्ये अहवाल करा, स्क्राइबसमध्ये करा. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ काढा; त्यात अक्षरं जागेवर राहतात आणि अक्षरंच राहतात. नावांची दाटी असेल तर नकाशात १, २, ३ आकडे टाका आणि बाजूला यादी द्या. आकडा छोटा असतो, सरकला तरी फार जात नाही. मात्र ज्या जागेसाठी अर्ज आहे तिचं नाव तिच्यावरच असलं पाहिजे.

‘सरकारी नकाशेही स्कॅन केलेलेच असतात.’ असतात, आणि आपण त्यावरच तर भांडतो! कित्येक जुने सरकारी कागद युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्यातलं गावाचं नाव कॉपी करा, हाती इंग्रजी अक्षरांचा चिवडा लागतो. त्यात तुमचं गाव शोधता येत नाही. जे त्यांनी आपल्याशी केलं तेच आपण आपल्या नातवंडांशी करायचं?

कारण प्रश्न शेवटी शोधण्याचा आहे. दहा वर्षांनी उरणची एखादी मुलगी ‘पीरवाडी’ शब्द टाकून जुने अहवाल शोधेल. नावात अख्खा पीर असलेला तो किनारा कर्व्ह केलेल्या नकाशात तिला कधीच सापडणार नाही, कारण तिथे ‘पीरवाडी’ हा शब्दच नाही, त्या आकाराच्या रेघा आहेत. स्क्रीनशॉटमधलं नाव न दिसणाऱ्या माणसाला स्क्रीन रीडर वाचून दाखवू शकत नाही. म्हणजे सरकलेलं नाव निदान चुकीच्या जागी का होईना, असतं. कर्व्ह केलेलं नाव बरोबर जागी असून नसतं.

इंजिनीअर मंडळींना खास

आता थोडं घरातलं बोलतो, कारण मी याच धंद्यातला आहे.

ऐरोलीच्या, हिंजवडीच्या ऑफिसात एखादं बटन दोन पिक्सेल डावीकडे गेलं तर आपण तिकीट काढतो. स्क्रीनशॉट जोडतो, प्राधान्य ठरवतो, सकाळच्या मीटिंगमध्ये त्यावर बोलतो. ते बटन परदेशातल्या कुठल्यातरी विमा कंपनीचं असतं. आणि जुम्म्याच्या नमाजनंतर सदरसाहेब विचारतात, ‘बेटा, हा नकाशा जरा बघ ना,’ तेव्हा आपण म्हणतो, ‘चालतंय चाचा, समजतंय ना सगळ्यांना.’ पगाराच्या कामात दोन पिक्सेल महत्त्वाचे आणि मोहल्ल्याच्या कामात २० मीटर ‘चालतंय’. या हिशेबाला मी कौमची खिदमत म्हणायला तयार नाही.

आपल्यातले दुसरे एक जण असतात. ते भाषणात ‘एआय’, ‘डेटा’, ‘डिजिटल एम्पॉवरमेंट’ म्हणतात, पण त्यांच्या संस्थेचा वार्षिक अहवाल म्हणजे स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ असते. दोस्तांनो, सबलीकरण मोठ्या शब्दांनी येत नाही. कब्रस्तानाचं नाव कब्रस्तानावर ठेवता येणं, हे त्याचं पहिलं यत्तेचं काम आहे. ते जमत नसेल तर पुढचं राहू द्या.

आणि हे काम फक्त आपलं नाही. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतू सुरू झाला, शिवडीहून २१.८ किलोमीटरवर माणूस थेट या किनाऱ्यावर उतरतो. बंदर वाढतंय, विमानतळ आलाय, जमिनीचे भाव चढतायत. या पट्ट्यात पुढची वीस वर्षं नकाशेच नकाशे निघणार. त्यात कोळी असतील, आगरी असतील, कोकणी मुसलमान असतील. हरकती सगळ्यांच्या, तारीख एकच. ज्याला नकाशा नीट बसवता येतो त्यानं शेजारच्या कोळीवाड्याचाही बसवून द्यावा. वर सांगितलेली कारणं शिकायला एक रविवार पुरतो.

मग काय करायचं?

माझी मागणी साधी आहे आणि ती आपल्या प्रत्येक संस्थेकडे आहे, या पत्रिकेकडेसुद्धा.

एक: कर्व्ह केलेली किंवा स्क्रीनशॉटची प्रत ही कधीही एकमेव प्रत असू नये. जिवंत अक्षरांची मूळ फाइल, वापरलेले फॉन्ट आणि निर्यात केलेली जोडी एका फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर निदान दोघांकडे.

दोन: नकाशातल्या सगळ्या नावांची यादी, गट नंबरांसह, अहवालात साध्या मजकुरात वेगळी द्यावी. पीडीएफमधून देवनागरी उचलताना अक्षरं कधी कधी मागेपुढे होतात. यादीची साधी फाइल सोबत असेल तर नाव हरवत नाही.

तीन: अहवाल छापायला जाण्याआधी ज्यानं नकाशा काढला नाही अशा, पण गाव पायाखालचं असलेल्या माणसाला तो दाखवावा. जेट्टीवरच्या म्हाताऱ्याला, मशिदीच्या मुअज्जिनला, आपल्या फुप्पीला. लेबल कुठे चुकलंय ते त्यांना कॉम्प्युटरशिवाय दिसतं.

चार: ज्या दोन भाषांत आपण लिहितो त्या दोन्ही भाषांत नावं असावीत आणि दोन्हींची तपासणी वेगवेगळी व्हावी. एका लिपीत बरोबर बसलेलं नाव दुसरीत बसलंच असेल, असं धरून चालू नये.

पाच: पुढच्या वेळी कुणी ‘कर्व्ह करून टाक’ म्हणालं की विचारा, ‘कशासाठी?’ फ्लेक्ससाठी असेल तर करा. अर्जासाठी, हरकतीसाठी, पोर्टलसाठी, दफ्तरासाठी असेल तर ठाम नाही म्हणा, आणि खुर्ची ओढून लेबलचा टेकू दुरुस्त करायला बसा.